बिनसाक्षीचा आवाज

रात्री सगळं शांत झालं की कानात आवाज येतो, असं मी सुरुवातीला लोकांना सांगत असे. खरं तर तो येत नाही, कारण तो कधी जातच नाही. पंखा, रस्त्यावरची वाहनं, शेजारचा टीव्ही, मोरीतली भांडी हे सारं एकेक करून थांबलं की तो तेवढा उरतो. उंच, बारीक, एका पट्टीत चाललेला. त्याला श्वास घ्यावा लागत नाही, त्याला सम नाही, विराम नाही. रातकिड्यांची किरकिर ऐकत वाढलेल्या कुणालाही तो पहिल्यांदा बाहेरचाच वाटावा. मीही सांगलीच्या घरात खिडकी उघडून अंधारात कान दिला होता. खिडकी लावली तरी तो तेवढाच राहिला. दोन्ही कानांत बोटं घातली, तर तो वाढला. तेव्हा कळलं, की त्याचा मुक्काम माझ्यातच आहे.

वैद्य त्याला कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेत कानाचे 28 रोग सांगितले आहेत, त्यात हा आहे. म्हणजे कितीतरी शतकांपूर्वीही कुणीतरी वैद्यासमोर बसून 'कानात वाजतंय' असं सांगत होतं आणि समोरच्या वैद्याला ते ऐकू येत नव्हतं. त्या दोघांमधलं अंतर आजही बुजलेलं नाही. ताप हाताला लागतो, सूज डोळ्यांना दिसते, खोकला शेजारच्या खोलीत ऐकू जातो. या आवाजाला मात्र साक्षीदार नसतो. मला त्याच्याबद्दल जे सांगायचं आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे. आवाजाचा त्रास आहेच, पण तो एकट्यानेच ऐकावा लागतो याचा त्रास त्याहून खोल आहे.

कानाच्या आत, शंखासारख्या वळणाच्या अस्थीमध्ये सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. एका कानात साधारण 15,000. हवेतली थरथर विजेच्या संदेशात बदलून त्या मेंदूकडे पाठवतात. वयाने, मोठ्या आवाजाने, काही औषधांनी त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ज्या पट्टीच्या पेशी गेल्या, त्या पट्टीचे संदेश मेंदूपर्यंत पोचणं कमी होतं. मेंदू ते गप्प ऐकून घेत नाही. तो आपली संवेदना वाढवतो, आणि त्या वाढवण्यात मज्जातंतूंची स्वतःची खळबळच त्याला स्वर म्हणून ऐकू येऊ लागते, असं आजचं बरंचसं संशोधन मानतं. जे हरवलं त्याच्या जागी हा आवाज आलेला असतो. हे समजल्यावर माझा त्याच्यावरचा राग थोडा उतरला. माझा मेंदू माझ्याशी वैर करत नव्हता. तो हरवलेलं शोधत होता.

1953 मध्ये अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी एक साधा प्रयोग केला. ज्यांचे कान चांगले आहेत, ज्यांची काहीही तक्रार नाही, अशा 80 माणसांना त्यांनी एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. 94 टक्के माणसांनी काही ना काही ऐकू आल्याचं लिहिलं : गुणगुण, शिट्टी, घोंगावणं. बाहेरचं सगळं काढून घेतलं की जवळजवळ प्रत्येकाच्या आत काहीतरी वाजतच असतं. संपूर्ण शांतता अशी जिवंत माणसाच्या वाट्याला बहुधा येतच नाही. आमच्यासारख्यांच्या बाबतीत एवढंच झालं, की आतल्या आवाजाला मेंदूने पुढच्या रांगेत आणून बसवलं.

आमच्या मोठ्या वन्सं वारकरी. त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "अगं, हा अनाहत नाद. भाग्य लागतं याला. लोक जन्मभर डोळे मिटून बसतात, तरी कानावर पडत नाही." त्यांच्या बोलण्यात माया होती आणि परंपराही. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात साधकाला आत ऐकू येणाऱ्या नादांची यादीच आहे. आधी समुद्र, मेघ, भेरी. मग शंख, घंटा. शेवटी वेणू, वीणा आणि भुंगा. मी ती यादी आदराने वाचली. पण साधक त्या नादाकडे आपल्या पायांनी चालत जातो. तो कधी बसायचं आणि कधी उठायचं हे त्याच्या हातात असतं, आणि नाद सूक्ष्म होत होत मनासकट विरून जातो. माझा आवाज मला न विचारता आला आणि तो विरत नाही. वन्संना मी हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग झोप लागते का तुला?" त्या प्रश्नाने मला अनाहत नादापेक्षा जास्त आधार दिला.

कान तपासायला मी मिरजेला गेले. सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला दुखणं आलं की मिरजच आठवते. 1894 मध्ये तिथे मिशनचं रुग्णालय सुरू झालं आणि त्याच्याभोवती डॉक्टरांचं एक अख्खं गाव उभं राहिलं आहे. तपासणीच्या बंद खोलीत कानांवर हेडफोन लावून बसवलं. आधी श्रवणाचा आलेख निघाला. खालच्या पट्टीत रेषा सरळ आणि 4000 हर्ट्झच्या पुढे एकदम खाली उतरलेली. मग त्या तरुण मुलीने एक वेगळीच गोष्ट केली. यंत्रातून एकेक स्वर वाजवत ती विचारत गेली, "काकू, तुमचा आवाज याच्या वर आहे की खाली?" वर. अजून वर. थोडा खाली. आणि एका क्षणी बाहेरचा स्वर आणि माझा स्वर एकमेकांत मिसळून एक झाले. 6000 हर्ट्झच्या आसपास. पियानोची शेवटची पट्टीसुद्धा 4186 ला संपते, त्याहूनही हा वरचा. तिने हेडफोनचं दुसरं टोक स्वतःच्या कानाला लावलं आणि ऐकलं. "हा असा वाजतो होय दिवसभर?" एवढंच ती म्हणाली. इतक्या काळात माझा आवाज दुसऱ्या माणसाने ऐकला तो पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले. औषध काहीच मिळालं नव्हतं, तरी घरी परतताना मी हलकी झाले होते.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मोजमापात माझा आवाज ऐकू येण्याच्या सीमेच्या जेमतेम काही डेसिबल वर होता. बहुतेक रुग्णांत तो असाच हळू निघतो. इतक्या हळू आवाजाने माणसाची झोप, भूक, बोलण्यातलं लक्ष कसं उडतं? त्याचं उत्तर कानात नसतं, भीतीत असतं. मेंदू अनोळखी आवाजाला धोका समजून त्याच्यावर पहारा ठेवतो. पहारा जितका कडक, तितका आवाज मोठा. उपचाराची वाट त्यामुळे कानापेक्षा मनाच्या बाजूने जाते. आवाज घालवणारी खात्रीची गोळी अजून निघालेली नाही. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा उपयोग होतो, कारण हरवलेले संदेश थोडे परत येतात. विचारांची सवय बदलायला शिकवणारा मानसोपचार त्रास कमी करतो. मंद आवाजाची सोबतही कामी येते. आवाज तोच राहतो, पहारा उठतो.

मिरजेतच आणखी एक वाट आहे, सतारमेकरांच्या गल्लीकडची. तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेबांचं हे गाव. 1937 साली ते गेल्यानंतर गावातल्या दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होत आलं आहे. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानसेने अगदी किंचित घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो, मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतो. हे काम आजही कानावरच चालतं. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येऊ लागतो. कुठलीही तार गंधाराला लावलेली नसते, तरी तो असतो.

कानात सतत वाजणाऱ्या माणसाला तंबोऱ्याचा दाखला द्यायचा मोह सगळ्यांना होतो. आतच तंबोरा लागलाय असं समज, म्हणतात. मला ते पटत नाही. खर्जातून उमटणारा गंधार खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ऐकू येतो. तो हवेत असतो. गवई मान डोलावतो, कारागीर डोलावतो, दारातला पोरगाही थबकतो. सुराला सूर म्हणायला दुसरा कान लागतो. तंबोरा माणसांना एका सुरात आणून बसवतो आणि कर्णनाद माणसाला भरल्या बैठकीतून उठवून बाजूला नेतो. म्हणून मी माझ्या आवाजाला संगीत म्हणत नाही. पण त्या गल्लीत उभं राहून एक गोष्ट मात्र मी घेतली. जवारी लावणाऱ्याच्या आजूबाजूला स्कूटर, भाजीवाले, भोंगे सगळं असतं आणि त्याचा कान फक्त त्या तारेवर असतो. कान कुठे ठेवायचा हे शिकता येतं.

माझे वडील, आमचे अण्णा, हे कुणाकडून न शिकता शिकले होते. माझं माहेर सातारा तालुक्यातलं. आमच्या भागातलं अपशिंगे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जवान कामी आले, असं सांगतात. आजही तिथे घरटी एक तरी माणूस फौजेत असतो. अण्णा तोफखान्यात होते. 1971 च्या लढाईनंतर काही वर्षांनी पेन्शन घेऊन गावी आले. तोफेजवळ आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे जातो आणि त्या काळात कानात घालायला फार तर कापसाचे बोळे. ते घरात फारसं बोलत नसत. लग्नकार्यात मांडवाच्या कडेला बसत. रात्री मात्र त्यांच्या उशाशी रेडिओ चालू असे. आकाशवाणी सांगली केंद्राचा शेवटचा कार्यक्रम संपून गेला तरी चालू. नुसती खरखर. आई कधी तो बंद करत नसे. आम्ही मुलं उठलो तर ती हळूच म्हणायची, "राहू दे, त्यांना लागतो तो."

आज त्याला ध्वनी-उपचार म्हणतात. खरखरीत सगळ्या पट्ट्यांचे स्वर मिसळलेले असतात. त्यांच्यात कानातला एकटा स्वर बुडत नाही, पण एकटा राहत नाही. पावेल जास्ट्रेबॉफ यांनी 1990 नंतर ज्या उपचारपद्धतीची मांडणी केली, तिच्यात अशाच मंद आवाजाची सोबत आणि समजावून सांगणं असं दोन्ही एकत्र असतं. अण्णांकडे आवाज होता, समजावणारं कुणी नव्हतं. पण त्यांच्यापाशी आई होती. अण्णांच्या कानात काय वाजतं ते तिला कधीच ऐकू आलं नसेल. तरी काहीतरी वाजतं यावर तिचा विश्वास होता आणि त्या विश्वासानेच ती सेलच्या पैशांची तजवीज करत होती. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सेवाजन्य अपंगत्वात कर्णनादाचा क्रमांक पहिला आहे. आमच्या जिल्ह्यात गावोगावी माजी सैनिक आहेत. त्यांच्यापैकी किती जण उशाशी रेडिओ घेऊन झोपत असतील?

नोकरीची बरीच वर्षं मी विट्यात शिकवलं. विटा हे यंत्रमागांचं गाव. कितीतरी गल्ल्यांमध्ये भिंतीपलीकडे माग चालत असतात. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो, आपटतो, परत येतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि असे कितीतरी माग एका छपराखाली. आत आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. दिवसातले आठ तास 85 डेसिबल ही सुरक्षिततेची सीमा मानली जाते, आणि दर 3 डेसिबल वाढीला तो वेळ निम्मा करावा लागतो. त्या हिशेबाने शंभर डेसिबलमध्ये पाव तासच पुरे. मागावरचा माणूस पाळी भरतो ती कधी आठ तासांची, कधी बारा. इंग्लंडच्या लँकेशायरमधले विणकर ओठांच्या मोठ्या हालचालींनी बोलायला शिकले होते. विट्यातले कामगार हातवाऱ्यांनी आणि डोळ्यांनी बोलतात. त्यांची मुलं वर्गात मोठ्याने बोलायची, कारण घरात मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू जायचं नाही. मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा हा कायद्याच्या सूचीतला, कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. घरामागच्या चार मागांच्या शेडमधून तो कळवायला कोण जाणार?

आणि जो आवाज पोटासाठी नाही, हौसेसाठी आहे, त्याचं काय? मी या मातीतली आहे. कुस्तीच्या फडात हलगी कडाडली की माझ्याही अंगावर काटा येतो. दसऱ्याच्या रात्री तासगाव तालुक्यातल्या कवठेएकंदला सिद्धराजाच्या पालखीपुढे होणारी आतषबाजी मी पाहिली आहे. आभाळ पेटवणारी ती कला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. हलगी दमते, हलगीवाला दमतो. डॉल्बी दमत नाही. 2014 च्या विसर्जन मिरवणुकीच्या वेळी साताऱ्यात राजपथावर भिंत कोसळून तीन माणसं गेली. डॉल्बीच्या हादऱ्याने ती पडली, असं तेव्हा सारं गाव म्हणत होतं. त्यानंतर पोलिसांनी डॉल्बीमुक्त उत्सवाची हाक दिली, काही मंडळांनी ती मनापासून ऐकली. 2000 सालच्या ध्वनी नियमांनुसार वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल एवढीच मुभा आहे. पडलेली भिंत सगळ्यांना दिसली. कानातल्या भिंती पडतात त्या कुणाला दिसत नाहीत.

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं सांगायची, "बाई, कानात कुंई वाजतंय." एक-दोन दिवसांत ते थांबे आणि मुलं विसरून जात. 2009 मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या अभ्यासात असं आढळलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले बरेचसे सांधे कायमचे तुटलेले होते. कुंई थांबली म्हणजे कान वाचला, असं म्हणता येत नाही. ती पहिली सूचना असते. ती ज्या वयात मिळते, त्या वयात तिचा अर्थ कुणीतरी सांगायला हवा. शाळेत विज्ञानाच्या तासाला कानाची आकृती काढून घेतो, तेव्हाच हे सांगता येईल.

बेड्रिच स्मेटाना हा चेक संगीतकार 1874 साली बहिरा झाला. त्याच्या कानात उंच स्वर वाजत असे. दोन वर्षांनी त्याने चार तंतुवाद्यांसाठी एक रचना केली आणि तिला 'माझ्या जीवनातून' असं नाव दिलं. शेवटचा भाग आनंदात धावत असतो. अचानक सगळं थांबतं, खालची वाद्यं थरथरतात आणि पहिलं व्हायोलिन एक अतिउंच स्वर धरून ठेवतं. तो स्वर त्याच्या कानातला. मी तो मोबाइलवर पहिल्यांदा ऐकला तेव्हा उठून उभी राहिले. दीडशे वर्षांपूर्वीच्या, माझी भाषा न जाणणाऱ्या माणसाने मला सांगितलं होतं, की तुझ्या कानात काय होतं ते मला ठाऊक आहे. त्या स्वरानंतर रचना संपत नाही. आधीचे सूर परत येतात, दमलेले, पण येतात. त्याने आपल्या आवाजाला साक्षीदार मिळवून दिले, आणि आजवर जो जो ते ऐकतो तो त्याचा साक्षीदार होतो.

सगळ्यांना व्हायोलिन येत नाही. आपण बोलू तरी शकतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने जगातल्या प्रौढांपैकी सुमारे 14 टक्क्यांना कर्णनाद असतो आणि सुमारे 2 टक्क्यांना त्याचा तीव्र त्रास होतो, असा अंदाज दिला. सातारा आणि सांगली जिल्ह्यांची 2011 ची लोकसंख्या मिळून 58 लाखांच्या वर होती. त्या प्रमाणात पाहिलं तर माहुलीच्या संगमापासून हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णाकाठच्या गावांत लाखो कानांत काहीतरी वाजत आहे, आणि बहुतेक जण ते कुणालाही न सांगता माग चालवत आहेत, ऊस भरत आहेत, नातवंडांना शाळेत सोडत आहेत.

मी काय करते, ते सांगते. रात्री खोली पूर्ण शांत ठेवत नाही. सकाळी हरिपूरच्या घाटावर जाते, तिथे वारणा कृष्णेला मिळते आणि पाण्याचा आवाज सतत असतो. फटाके आणि डॉल्बी यांच्यापासून दूर राहते, पण भीतीने सतत कानांत बोळे घालून बसत नाही, कारण त्याने आतला आवाजच वाढतो. जागरण झालं की तो वर येतो, म्हणून झोप सांभाळते. मंडईतली वादावादी, मुलांचं पाठांतर, भजनातली झांज हे सगळं आता मी पूर्वीपेक्षा लक्ष देऊन ऐकते. त्या वेळी माझा स्वर कुठे असतो ते मला आठवत नाही. नंतर लक्षात येतं, की तो होताच, मी त्याच्याकडे गेले नव्हते. मला वाटतं, यालाच त्याच्यासोबत राहणं म्हणायचं.

आणि एक मागणं आहे. एकाच कानात आवाज असेल किंवा तो नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, तर त्या माणसाला डॉक्टरांकडे न्या; अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर त्याच दिवशी न्या, कारण उशीर झाला तर गेलेलं ऐकणं परत येणं अवघड होतं. पण त्याच्याही आधी, घरातलं कुणी 'माझ्या कानात वाजतंय' असं म्हणालं, तर 'मला तर काही ऐकू येत नाही' असं म्हणू नका. ते त्यालाही माहीत आहे. त्याच्याजवळ बसा आणि विचारा : कसा वाजतो, कधी वाढतो, झोप लागते का. मागावरून आलेल्या माणसाला विचारा, पेन्शनीत आलेल्या फौजीला विचारा, हलगीवाल्याला विचारा. आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही. माणूस ऐकू येईल, आणि पुष्कळदा त्याला तेवढंच हवं असतं.